प्रत्येक किलोला पत्ता असतो



रविवारी पहाटे बेंगळुरूच्या हेब्बाळ उड्डाणपुलाजवळ उभं राहिलात, तर एक वेगळीच मिरवणूक बघायला मिळते. दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर रस्त्यावर कुणी नसतं. अशा वेळी बेल्लारी रोडवरून पोर्शे, बीएमडब्ल्यू, एखादी फेरारी अशा गाड्या देवनहळ्ळीच्या दिशेनं निघालेल्या असतात. जायचं असतं नंदी हिल्सला. पुढे कुठंतरी इडली-वडा आणि कॉफीसाठी सगळे थांबतात आणि गाड्यांभोवती घोळका जमतो. गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आधी अश्वशक्ती किती, मग शून्य ते शंभर किती सेकंदांत, आणि शेवटी कुणीतरी उसासा टाकतं, "सगळं छान आहे हो, पण वजन बघितलंत का?"

आजचा भाग त्या उसाशाबद्दल आहे. कार्बन फायबर आलं, ॲल्युमिनियम आलं, संगणकावर गाडीचा प्रत्येक सांधा तपासता येऊ लागला. मग स्पोर्ट्स कार हलक्या व्हायला हव्या होत्या. उलट त्या जड झाल्या. १९६४ ची पहिली पोर्शे ९११ साधारण १,०८० किलोंची होती, तर २०१९ साली आलेल्या पिढीतली साधी कॅरेरा १,५०५ किलोंची. बीएमडब्ल्यूची पहिली एम-५ १९८० च्या दशकात आली तेव्हा १,४३० किलोंची होती. २०२४ ची एम-५ आहे २,४३५ किलोंची. म्हणजे एकाच नावाच्या गाडीत चाळीस वर्षांत एक टन भरला.

हा टन आला कुठून? याचं उत्तर शोधायला आपण सहसा जर्मनी, इटली, इंग्लंडकडे बघतो. मी मात्र तुम्हाला बेंगळुरूमधूनच फिरवून आणणार आहे. कारण एकेकाळी हे हलक्या गाड्यांचं गाव होतं, हे आपण विसरलोय.

अपेक्षा कुठून आली?

आधी हे बघू, की स्पोर्ट्स कार हलकीच असावी असं आपल्याला वाटतं का. त्यामागे एक मोठं नाव आहे, कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा हा संस्थापक गाडीत काही घालण्याआधी काय काढता येईल ते बघायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. अश्वशक्ती वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर पळेल. वजन कमी केलं तर ती सुटताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळी चांगली वागेल. १९६२ ची लोटस एलान सातशे किलोंच्या आसपास होती. पुढं १९९६ मध्ये लोटसनं एलिस काढली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेला सांगाडा, वर फायबरग्लासचं अंग, आणि वजन साधारण ७२५ किलो. आपली मारुती ८०० साडेसहाशेच्या घरात होती, हे लक्षात घेतलं की एलिस किती हलकी होती ते कळतं.

आपल्या मनात बसलेलं माप हे असं आलं. पण त्यात थोडी फसगतही आहे, कारण वजन मोजायच्या तऱ्हा एकसारख्या नाहीत. काही कंपन्या कोरडं वजन सांगतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच न धरता. जर्मन पद्धतीत टाकी जवळजवळ भरलेली धरतात. युरोपच्या नियमात त्यावर ७५ किलो आणखी धरतात, चालक आणि थोडं सामान म्हणून. साठ लिटर पेट्रोलचंच वजन पंचेचाळीस किलो भरतं. म्हणजे एकाच गाडीची दोन खरी वजनं शे-सव्वाशे किलोंनी वेगळी असू शकतात.

अल्फा रोमिओ ४सी हे याचं चांगलं उदाहरण. कार्बन फायबरचा सांगाडा असलेल्या या गाडीबरोबर ८९५ किलोंचा आकडा जगभर फिरला. तो कोरड्या वजनाचा होता. तीच गाडी अमेरिकेतल्या नियमांसाठी तयार होऊन, सगळे द्रव भरून काट्यावर उभी राहिली तेव्हा भरली सुमारे १,११८ किलो. जुन्या गाड्यांचे कोरडे आकडे आणि नव्या गाड्यांचे भरलेले आकडे शेजारी ठेवले, की उसासा थोडा जास्तच मोठा निघतो.

पण ही मापाची गडबड बाजूला काढली तरी वाढ उरतेच. ती समजायला आता बेंगळुरूला येऊ.

हलक्या गाड्यांचं गाव

१९७० च्या दशकात या शहरात एक विचित्र दिसणारी गाडी तयार होऊ लागली. नाव बादल. तीन चाकं, फायबरग्लासचं अंग आणि छोटं टू-स्ट्रोक इंजिन. लायसन्स-परमिटचा काळ होता. पत्रा दाबून बॉडी तयार करायची तर प्रचंड प्रेस आणि महागडे साचे लागतात, आणि तेवढा पैसा तेवढ्या थोड्या गाड्यांवर कोण लावणार? फायबरग्लासला साचा, कापड, रेझिन आणि कुशल हात पुरतात. म्हणजे बादल हलकी झाली ती वेगाच्या हौसेपोटी नव्हे, काटकसरीपोटी.

त्याच सिपानी घराण्यातून १९८२ च्या सुमारास डॉल्फिन आली. इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीचा हा भारतीय अवतार. दोन दारं, फायबरग्लासचं अंग, ८४८ सीसीचं इंजिन, जोर मागच्या चाकांना. मूळ किटनचं वजन अर्ध्या टनाच्या जरासं वर होतं. बाजारात अँबॅसॅडर आणि पद्मिनीची सद्दी असताना ही गाडी म्हणजे बैलगाडीच्या रांगेत सायकल. रॅली आणि रेसिंगवाल्यांनी ती लगेच हेरली. जोर कमी, पण ओढायचं ओझंही कमी. वळणावर ती मोठ्यांना दमवायची. पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडं गेलं. डॉल्फिन हौशी लोकांच्या आठवणीत उरली.

मग आली सॅन स्टॉर्म. ही गोष्ट मला फार आवडते. सॅन ही बेंगळुरूची कंपनी, आणि तिचा मुख्य धंदा रेल्वेची डिझेल इंजिनं बांधण्याचा, कारखान्यांच्या यार्डात वाघिणी ढकलणारी इंजिनं. आता रेल्वे इंजिनाचं शास्त्र चॅपमनच्या अगदी उलट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू नये म्हणून तिथं वजन हवंच असतं. हलकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. अशा कंपनीनं १९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात, वेर्णे इथं, दोन आसनांची फायबरग्लासची स्पोर्ट्स कार बांधायला घेतली. रेनोचं १,१४९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन, एक टनाच्या बरंच आत वजन. आज साठ अश्वशक्ती ऐकून कुणी मान वळवणार नाही. पण एवढ्याशा गाडीला तेवढा जोर पुरत होता, आणि भारतात नवी कोरी स्पोर्ट्स कार विकत घेता येते, हीच त्या वेळी मोठी गोष्ट होती.

आणि २००१ मध्ये बेंगळुरूनं रेव्हा रस्त्यावर आणली. इटुकली, दोन दारांची, विजेवर चालणारी. आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, बाहेर प्लास्टिकचं अंग. चेतन मैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केलं तेव्हा टेस्ला कंपनी जन्मालाही आली नव्हती.

बादल, डॉल्फिन, स्टॉर्म, रेव्हा. पंचवीस-तीस वर्षांत, एकाच शहराशी नातं असलेल्या चार हलक्या गाड्या. नंदीच्या रस्त्यावरच्या हौशी माणसाला वाटेल, अरे, हाच तर सुवर्णकाळ! पण या गाड्या हलक्या का होत्या, ते जरा खोलात बघू.

चारशे किलोंची पळवाट

रेव्हाची खरी कसोटी लागली ती लंडनमध्ये. २००४ पासून तिथं ती जी-विझ नावानं विकली जाऊ लागली. शहरात गाडी आणण्याचा कर लंडननं नुकताच लावला होता आणि विजेच्या गाडीला तो माफ होता. त्यामुळं ती गाडी लंडनच्या रस्त्यांवर बरीच दिसू लागली.

पण कायद्यानं ती कार नव्हती. युरोपात क्वाड्रिसायकल नावाचा एक वर्ग आहे, चार चाकांचं पण कारपेक्षा धाकटं वाहन. त्या वेळी अट अशी होती, की बॅटऱ्या सोडून वजन ४०० किलोंच्या आत हवं आणि मोटरची ताकद १५ किलोवॅटच्या आत. या वर्गात बसलं की कारला लागणाऱ्या धडकेच्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत. रेव्हा त्या चारशे किलोंत बसवली होती. अभियंत्याच्या दृष्टीनं ही कमालच होती.

२००७ मध्ये इंग्लंडमध्ये एका मोटार मासिकानं ती गाडी धडकेच्या चाचणीला उभी केली, तिथल्या सरकारी वाहतूक खात्यानंही चाचणी घेतली. निकाल चिंताजनक होते. आतल्या पुतळ्याला झालेली इजा अशी होती, की खरा माणूस असता तर वाचणं कठीण. कायदा मोडलेला नव्हता. कायद्यानं जे मागितलं नव्हतं ते गाडीत नव्हतं, इतकंच.

इथं आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. त्या चारशे किलोंत जे नव्हतं, तेच आजच्या गाडीत आहे. दारांच्या आतल्या आडव्या दांड्या. छताला पेलणारे, तापवून दाबलेल्या अतिकठीण स्टीलचे खांब. पुढं आणि मागं ठरवून चुरगळणारा भाग, म्हणजे धडकेचा जोर धातू खातो, माणूस नाही. एअरबॅगा, त्यांचे संवेदक, त्यांना धरून ठेवणारी डॅशबोर्डमागची चौकट. एलान असो की डॉल्फिन, यातलं बहुतेक काही त्यांच्यात नव्हतं, म्हणून त्याचं वजनही नव्हतं.

आपल्याकडं हे सगळं किती उशिरा आलं ते बघा. पुतळ्याला होणारी इजा मोजणारी समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलांना सक्तीची झाली ती ऑक्टोबर २०१७ पासून. सर्व गाड्यांना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या आसनाची एअरबॅग नव्या मॉडेलांना २०२१ पासून. भारताची स्वतःची तारे देणारी योजना, भारत एनकॅप, सुरू झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याआधी, २०२२ या एका वर्षात, आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली होती. त्यातली सगळी काही कारमधली नव्हती. दुचाकीवाले आणि पायी चालणारे त्यात फार मोठ्या संख्येनं आहेत. पण या आकड्यासमोर "जुन्या गाड्या किती हलक्या होत्या" असं नुसतं हळहळून म्हणणं मला जमत नाही. त्या हलक्या गाड्यांत आपणच बसत होतो. मागच्या सीटवर चार पोरं कोंबून, पुढं आईच्या मांडीवर पाचवं घेऊन कोल्हापूर, बेळगाव, इंदूर करत होतो.

सात किलोंची कमान

कुणी म्हणेल, घरच्या गाडीचं ठीक आहे, पण खऱ्या वेगाच्या गाडीला हे कशाला? तर मग जिथं ग्रॅमाग्रॅमावरून भांडणं होतात त्या फॉर्म्युला वनकडं बघू. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन तिथं शर्यतीत उतरला, तेव्हा चालकासकट गाडीचं किमान वजन सुमारे ६०० किलो होतं. २०२२ मध्ये ते ७९८ किलो झालं. यात हायब्रिड यंत्रणा आहे, मोठी चाकं आहेत, आणि सुरक्षेची भरही आहे.

त्यातलीच एक भर म्हणजे २०१८ पासून सक्तीची झालेली हेलो, चालकाच्या डोक्याभोवतीची टायटेनियमची कमान. वजन सुमारे सात किलो. अनेकांना ती आवडली नाही. गाडी कुरूप दिसते, खेळाचा आत्मा जातो, असं बोललं गेलं. रोमां ग्रोजां हा फ्रेंच चालकही विरोधकांतलाच. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. ग्रोजां त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, भाजलेले हात घेऊन. कठडा त्याच्या डोक्यावर आला होता आणि मध्ये ती कमान होती. हेलोबद्दलचं आपलं मत चुकलं होतं, हे त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलं.

हे सात किलो काढून टाका असं आज कुणी म्हणेल?

जड म्हणजे भक्कम नव्हे

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. आपल्याकडं गाडी घेताना काकालोक बोनेटवर टकटक करून बघतात. आवाज जाडजूड आला की समाधानानं मान डोलावतात. म्हणजे हौशी माणूस वजनावर रागावतो आणि घरगुती गिऱ्हाईक वजनावर भाळतं. दोघंही वजन किती तेवढंच बघतात. ते आहे कुठं, हे कुणी विचारत नाही.

अँबॅसॅडर अकराशे किलोंच्या पुढं होती. पण ठरवून चुरगळणारा भाग नाही, एअरबॅग नाही. तिचं वजन माणसाभोवतीच्या पिंजऱ्यासाठी बेतलेलंच नव्हतं. उलट जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची चाचणी घेतली आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले, तेव्हा एक गोष्ट समोर आली. त्यातल्या फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकला होता, कमी होत्या त्या एअरबॅगा. दोन एअरबॅगा लावून तीच गाडी पुन्हा आदळली आणि चार तारे घेऊन आली. दोन एअरबॅगांचं वजन ते किती? पण ते नेमक्या जागी पडलं होतं.

म्हणून मी म्हणतो, प्रत्येक किलोला पत्ता असतो. तो पत्ता शोधल्याशिवाय गाडीला जड म्हणून शिवी देऊ नये, आणि भक्कम म्हणून शाबासकीही देऊ नये.

ओझ्याला ओझं चिकटतं

तरीही एक कोडं उरतं. सुरक्षेचे सगळे भाग मोजले तरी चारशे-पाचशे किलो होत नाहीत. मग बाकीचं काय?

इथं वजनाचा एक खोडकर गुण कामाला येतो. ते एकटं येत नाही. समजा, दारांत दांड्या घातल्या आणि आवाज कमी करायचे थर लावले. दार जड झालं, म्हणून बिजागरी आणि खांब मोठा करावा लागला. गाडी जड झाली, म्हणून तेवढ्याच चपळाईसाठी इंजिन मोठं घेतलं. इंजिनाला मोठा रेडिएटर, मोठा गिअरबॉक्स लागला. वेग वाढला, म्हणून ब्रेकच्या तबकड्या मोठ्या. त्या मावायला चाकं मोठी. चाकांना पेलायला सस्पेन्शन जाड. आणि हे सगळं वाहायला सांगाडा पुन्हा मजबूत. लग्नाला एक पाहुणा बोलवावा आणि त्यानं आपलं सगळं गणगोत घेऊन यावं, तसं.

ही वाढ अभियंत्यांच्या आळसातून येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेंगळुरूच्याच आकाशाकडं बघावं. ज्या वर्षी रेव्हा रस्त्यावर आली त्याच वर्षी, ४ जानेवारी २००१ ला, इथं तेजस पहिल्यांदा उडालं. १९८३ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाचं नावच लाइट कॉम्बॅट एअरक्राफ्ट, हलकं लढाऊ विमान. कार्बन कॉम्पोझिटचा त्यात सढळ वापर आहे. विमानात प्रत्येक किलोसाठी इंधन आणि पल्ला मोजावा लागतो, त्यामुळं वजनावर नजर ठेवणारी माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. तरीही रिकाम्या विमानाचं साडेपाच टनांचं मूळ उद्दिष्ट साडेसहा टनांच्या आसपास जाऊन थांबलं. नव्या शस्त्रांच्या, नव्या उपकरणांच्या मागण्या येत गेल्या आणि प्रत्येक मागणी आपलं गणगोत घेऊन आली. विमानाला जे टळलं नाही ते कारला कसं टळणार?

महागडा पदार्थ वापरला की वजन आपोआप उतरतं, हाही भ्रमच. पुण्याच्या डीसी अवंतीचं उदाहरण घ्या. अंग कॉम्पोझिटचं, इंजिन दोन लिटरचं, आणि वजन मात्र दीड टनाच्या घरात. बाहेरचं कातडं हा गाडीच्या वजनातला छोटा वाटा असतो. आतली हाडं स्टीलच्या नळ्यांची असली, तर कातडं बदलून थोडंच साधतं.

आपल्या हौसेचे किलो

आता हौशी मंडळींनी, म्हणजे मीही त्यात आलो, थोडं स्वतःकडं बघायला हवं. स्पोर्ट्स कार विकत घेणारा माणूस ती रविवारी तासभर नंदीला नेतो आणि उरलेले दिवस आउटर रिंग रोडच्या कोंडीत चालवतो. त्या कोंडीत त्याला एसी हवा, ऑटोमॅटिक गिअर हवेत, चांगलं संगीत हवं, गार होणारी आणि मसाज करणारी खुर्ची हवी. खुर्ची पुढंमागं करणाऱ्या मोटरा, छत उघडणाऱ्या मोटरा, पडदे, कॅमेरे, आणि त्या सगळ्यांना जोडणारं तारांचं जाळं. यातली एकही गोष्ट सरकारनं सक्तीची केलेली नाही. त्यांचा पत्ता आपल्याच घरचा.

शिवाय आकार वाढला. पहिली ९११ साधारण १ मीटर ६१ सेंटिमीटर रुंद होती, २०१९ नंतरची १ मीटर ८५. आणि जोर वाढला. पहिल्या एम-५ मध्ये २८६ अश्वशक्ती होती, नव्या एम-५ मध्ये ७२७ आहे. हिशेब केला तर पहिलीला टनामागं २०० अश्वशक्ती होती, नवीला जवळपास ३००. म्हणजे एक टन चढवूनही ती जास्त वेगानं पळते. जाहिरातीत हेच सांगतात आणि ते खोटं नाही. पण वळणावर आणि ब्रेक लावताना निसर्ग जाहिरात वाचत नाही. अडीच टनांचा वेग मारायला टायर आणि ब्रेकला कष्ट पडतातच, आणि चालकाच्या हाताला ते कळतं. नंदीच्या घाटात उसासा निघतो तो तिथं. तो खोटा नाही.

शेवटचा मोठा वाटा बॅटरीचा. इथंही रेव्हाची आठवण होते. तिच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं वजन अडीचशे किलोंच्या वर होतं, आणि एका किलोत साधारण ३५ ते ४० वॅट-तास ऊर्जा मावायची. २००८ मध्ये टेस्लानं लोटस एलिसच्याच धाटणीवर आपली पहिली रोडस्टर उभी केली. तिची बॅटरी साधारण ४५० किलोंची, किलोमागं सुमारे ११८ वॅट-तास. म्हणजे तिप्पट प्रगती. तरी एलिसच्या हलकेपणाचा निकाल लागला आणि गाडी बाराशे किलोंच्या पुढं गेली. पोर्शेच्या टायकानमध्ये आकडा दीडशेच्या आसपास पोचला, पण पल्ला जास्त हवा म्हणून बॅटरीच सहाशे किलोंच्या वर गेली. एक किलो पेट्रोलमध्ये मात्र बारा हजार वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. मोटर तिचा वापर इंजिनापेक्षा कितीतरी चांगला करते हे खरं, पण एवढी दरी त्यानं भरत नाही. धूर नको म्हटलं की सध्या त्याची किंमत किलोंत मोजावी लागते.

हलकेपणा विकत मिळतो

मग हलकी गाडी आता होणारच नाही? होते. माझदानं १९८९ मध्ये एमएक्स-५ काढली तेव्हा ती साडेनऊशे किलोंच्या आसपास होती. २०१५ मध्ये चौथी पिढी आली, एअरबॅगा आणि आजचे सगळे नियम धरून, आणि जपानमधल्या सर्वांत साध्या प्रकाराचं वजन होतं ९९० किलो. पंचवीस वर्षांत जेमतेम पन्नास किलो. हे जमलं, कारण त्यांनी ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी लहान ठेवली, इंजिन दीड लिटरचं ठेवलं. पाहुण्यांची यादीच छोटी केली.

दुसरा मार्ग पैशाचा. २०२३ मध्ये पोर्शेनं ९११ एस/टी काढली, १,३८० किलोंची. कार्बनची दारं, मॅग्नेशियमची चाकं, काही यंत्रणा काढून टाकलेल्या. अशा फक्त १,९६३ गाड्या, आणि किंमत साध्या ९११ च्या कितीतरी पट. जे सिपानींच्या कारखान्यात काटकसर म्हणून मिळत होतं, ते आज चैन म्हणून विकलं जातं.

आणि बेंगळुरू? मर्सिडीझ-बेंझचं जर्मनीबाहेरचं सर्वांत मोठं संशोधन केंद्र आज या शहरात आहे. बॉशचंही इथं मोठं काम चालतं. इथली मराठी, कन्नड, तमिळ मुलंमुली संगणकाच्या पडद्यावर गाड्या आदळतात, कुठला खांब किती वाकला ते बघतात आणि ठरवतात, इथं दोनशे ग्रॅम वाढवायचे की तिथं तीनशे कमी करायचे. ज्या गावानं वजन नसलेल्या गाड्या बांधल्या, तेच गाव आता जगाच्या गाड्यांच्या वजनाचा हिशेब ठेवतं.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गाडीचं आरसी काढा. त्यात अनलेडन वेट म्हणून एक आकडा असतो, रिकाम्या गाडीचं वजन. घरात वडिलांच्या जुन्या गाडीचं आरसी बुक जपून ठेवलेलं असेल तर त्यातलाही आकडा बघा. दोघांतला फरक काढा आणि एका कागदावर त्या किलोंचे पत्ते लिहायला लागा. किती माणसासाठी, किती आरामासाठी, किती मिरवण्यासाठी. माझी खात्री आहे, काही किलोंना तुम्ही मनापासून हात जोडाल, आणि काहींना घराबाहेर काढावंसं वाटेल. नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा तो कागद खिशात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून चालवा, आणि मागच्या सीटवरही पट्टा लावा. त्याचं वजन फारसं नसतं. नमस्कार.